युएफा की प्रीमियर लीग: पैशांच्या नियमांचे खटले वाचायचे तर कुठले?

देवी अहिल्या विद्यापीठात एलएलएम करणाऱ्या ओळखीच्या मुलांपैकी कुणी ना कुणी हल्ली विचारतं: "काका, लघुप्रबंधासाठी फुटबॉलच्या आर्थिक नियमांचे वाद घ्यायचेत. युएफाचे घेऊ की प्रीमियर लीगचे?" होळकर स्टेडियमच्या गावात हा प्रश्न फुटबॉलचा निघतो, याचंच मला आधी कौतुक वाटतं. मी इंदुरात आयकराची वकिली करतो आणि हे खटले केवळ हौसेने वाचतो, तेव्हा माझं मत त्या बेताने घ्यावं. युएफा ही युरोपच्या फुटबॉलची संघटना, प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वात वरची लीग. क्लबाने तीन वर्षांत जास्तीत जास्त किती तोटा करावा, याचे युएफाचे नियम म्हणजे एफएफपी आणि प्रीमियर लीगचे म्हणजे पीएसआर; त्याहून जास्त सांगत बसत नाही. हा प्रश्न ज्याला पडलाय, त्याला तेवढं ठाऊक असणारच.

सुरुवातीला माझा कल युएफाकडे होता, आणि त्याला कारणं होती. तिथला पट मोठा. स्वित्झर्लंडचा कायदा, लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय, वर युरोपीय संघाचा स्पर्धा कायदा. डिसेंबर 2023 मध्ये सुपर लीगच्या (बड्या क्लबांनी काढू पाहिलेल्या वेगळ्या स्पर्धेच्या) प्रकरणात आणि ऑगस्ट 2025 मध्ये बेल्जियमच्या सेरँ क्लबच्या प्रकरणात युरोपच्या न्यायालयाने जे म्हटलं, त्यानंतर लोझानचा निवाडा हाच शेवटचा शब्द मानायचा का, हा प्रश्न नव्याने उघडा झालाय. घटनात्मक किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा रसाळ विषय मिळणं कठीण.

नियम म्हणूनही युएफाचे मला जास्त हुशार वाटतात. चेल्सीने आपली दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीला 7.65 कोटी पौंडांना विकली. प्रीमियर लीगच्या हिशेबात ते उत्पन्न चाललं. युएफाच्या हिशेबात असली घरातल्या घरातली विक्री धरत नाहीत. जुलै 2025 मध्ये युएफाने चेल्सीला रोख 3.1 कोटी युरोंचा दंड लावला, पुढच्या अटी मोडल्या तर आणखीही. पण ते सगळं तडजोडीच्या करारातून झालं.

माझं बिनसलं ते इथेच.

युएफाच्या बाजूला निकाल मिळतो, पण मूळ प्रश्नाचं उत्तर बहुधा मिळत नाही. मँचेस्टर सिटीचंच घ्या. फेब्रुवारी 2020 मध्ये युएफाने युरोपीय स्पर्धांत दोन हंगामांची बंदी आणि 3 कोटी युरो दंड लावला. जुलैत लोझानच्या लवादाने बंदी उठवली, दंड 1 कोटीवर आणला, तोही चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल. पुढे 93 पानांचा निवाडा जाहीर झाला तेव्हा मी तो मोठ्या आशेने वाचायला घेतला. प्रायोजकाच्या नावाने आलेला पैसा खरं तर मालकाचा होता का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. काही आरोप पुराव्याअभावी गळाले आणि काही मुदतबाह्य ठरले, कारण नियमांत पाच वर्षांची मर्यादा होती. म्हणजे त्या वर्षांबद्दल हो नाही आणि नाहीही नाही.

बरं, हा अपवाद म्हणावा तर 2019 मध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबचं तेच. फाइल पुन्हा उघडण्याचा युएफाच्या निर्णय शाखेचा आदेशच लवादाने रद्द केला, कारण फेरतपासणीची दहा दिवसांची मुदत उलटून गेली होती. एसी मिलानला 2018 मध्ये युरोपा लीगमधून काढलं, लवादाने ती शिक्षा अवाजवी ठरवून प्रकरण परत पाठवलं, आणि 2019 मध्ये क्लबने सहमतीने बाहेर राहायचं मान्य केलं. 2014 मध्ये सिटी आणि पीएसजी दोघांनाही 6-6 कोटी युरो दंड, त्यातले 4 कोटी स्थगित, आणि तेही तडजोडीने.

मुदतीच्या मुद्द्यावर मी स्वतः पक्षकार सोडवत आलोय. जुनं आयकर प्रकरण पुन्हा उघडण्याची, कलम 148 ची नोटीस उशिरा निघाली की सगळ्यात आधी खूश होणारा माणूस मीच. त्यामुळे या निवाड्यांना चूक म्हणायचं तोंड मला नाही. पण वकील म्हणून जे आवडतं ते वाचक म्हणून आवडेलच असं नाही. पानामागून पान उलटून शेवटी 'मुदतबाह्य' हा शब्द भेटला की चिडचिड होते, आणि त्यावर लघुप्रबंध लिहायचा तर तो मुदतीच्या कायद्यावरच होईल.

प्रीमियर लीगचं कौतुक करताना मला जरा जपून बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठा खटला तिथेही बंद दाराआडच आहे. सिटीवर फेब्रुवारी 2023 मध्ये आर्थिक नियम मोडल्याचे शंभराच्या वर आरोप ठेवले, सुनावणी सप्टेंबर 2024 मध्ये सुरू होऊन डिसेंबरात संपली, आणि त्यानंतरही कित्येक महिने निकालाचा पत्ता नव्हता. लेस्टर क्लबच्या बाबतीत तर अपील मंडळाने लीगला अधिकारक्षेत्रच नाही म्हटलं. हिशेबाचं वर्ष 30 जूनला संपलं, आणि क्लब खालच्या लीगमध्ये गेल्यामुळे त्याचा शेअर, म्हणजे लीगचं सभासदत्व, त्याआधीच हस्तांतरित झाला होता. ही पळवाट वाचून मी मनापासून दाद दिली होती.

पण एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबांची निकालपत्रं उघडून बघा. एव्हर्टनचा हिशेबातला तोटा 12.45 कोटी पौंड, मर्यादा 10.5 कोटी. वाद कशाचा, तर कर्जावरचं व्याज नव्या स्टेडियमच्या भांडवली खर्चात धरायचं की नाही, याचा. खटला ऐकणाऱ्या स्वतंत्र आयोगाने मूळ करार काढून बघितले आणि कर्जं स्टेडियमसाठी नव्हतीच असं ठरवलं. सीएच्या आर्टिकलशिपमधल्या कुठल्याही पोराला हा वाद घरचा वाटेल. शिक्षा लीगच्या तक्त्यातले 10 गुण कापण्याची झाली, अपिलात 6 वर आली. क्लबने अपिलात सांगितलेल्या नऊ कारणांपैकी दोनच टिकली, आणि ती का टिकली हे लिहून दिलंय. दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या हाती गेलेल्या क्लबाचेही तिथे 9 गुणच कापतात, तेव्हा पहिल्या 10 चा आकडा आला कुठून, हा प्रश्न मला वाचता वाचताच पडला होता.

फॉरेस्टचं निकालपत्र माझं लाडकं. तीनपैकी दोन हंगाम खालच्या लीगमध्ये गेल्यामुळे त्यांची मर्यादा 6.1 कोटी पौंड होती, तोटा तीपेक्षा 3.45 कोटींनी जास्त. त्यांचं म्हणणं, ब्रेनन जॉन्सन या खेळाडूला 30 जूनच्या (हिशेबाचं वर्ष संपण्याच्या) आत विकलं असतं तर पैसे कमी आले असते; 1 सप्टेंबरला टॉटनहॅम क्लबने 4.75 कोटी पौंड दिले, मग आम्ही शहाणपणाच केला ना? छावणीच्या मंडीतला सोयाबीनचा व्यापारी भाव वाढेपर्यंत माल धरून ठेवतो, त्यात गैर काही नाही, पण एप्रिलमधली विक्री गेल्या वर्षाच्या खात्यात मांडा म्हणाला तर त्याचा मुनीमच हसेल. आयोगाने साधारण हेच सांगितलं. 6 गुणांपासून सुरुवात, लवकर कबुली आणि सहकार्याबद्दल 2 माफ, राहिले 4. आकडा कसा आला हे पायरीपायरीने दिसतं.

आणखी एक गोष्ट, कायद्याशी संबंध नसलेली. कापलेले गुण शनिवारी संध्याकाळी सामना बघताना तक्त्यात दिसतात. युएफाचा दंड कुठेच दिसत नाही, आणि चॅम्पियन्स लीग बघायची तर बहुतेकदा रात्री दीड वाजता उठावं लागतं.

माझ्या निवडीवर एक आक्षेप अगदी रास्त आहे. 2026-27 पासून प्रीमियर लीग पीएसआर सोडून संघखर्चाच्या (मुख्यतः खेळाडूंवरच्या खर्चाच्या) प्रमाणावर जातेय, मर्यादा उत्पन्नाच्या 85 टक्के. युएफा तिथे आधीच पोचलीय, 70 टक्क्यांवर. म्हणजे मी सुचवतोय ते नियम जुने होणार. तरीही मला वाटतं, शिक्षा कशी मोजायची, कबुलीला किती वजन द्यायचं, याची चर्चा पुढच्या नियमांतही लागेलच. तुमच्या मार्गदर्शकांचा कल युरोपीय कायद्याकडे असेल, किंवा तुम्हाला पुढे बाहेर शिकायला जायचं असेल, तर युएफा घ्या, मी अडवणार नाही. पण ताळेबंद वाचायची थोडी जरी आवड असेल, तर आधी फॉरेस्टचं निकालपत्र वाचा, मग एव्हर्टनचं मूळ, मग त्याचं अपील, याच क्रमाने. अपील आधी वाचलंत तर 10 गुणांचा मूळ युक्तिवाद कच्चाच वाटेल, आणि तो तितका कच्चा नाही.