बोटीवर डीप सायकल बॅटरी : एजीएम की लिथियम, सव्वा वर्ष वापरून झाल्यावरचा अनुभव

आमच्या घरात दोन बोटी आहेत, एक माझी आणि एक धाकट्या भावाची. दोन्ही फायबरच्या, बत्तीस-तेहतीस फुटी, डिझेल इनबोर्ड इंजिन, दोघंही गिलनेटवाले (पाण्यात उभं जाळं लावणारे), संध्याकाळी निघायचं आणि सकाळी हर्णै बंदरात (दापोली तालुका) परत. 2024 च्या सीझनला, नारळी पौर्णिमेच्या आधीच, दोघांनीही इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी ठेवली आणि लाईट, जीपीएस, वायरलेस यासाठी नवीन डीप सायकल बॅटरी (हळूहळू, खोलवर उतरवून पुन्हा भरता येणारी) घेतली. मी लिथियम घेतली, त्यातली एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), 12.8 व्होल्ट 100 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर करंट किती तास मिळेल ते). भावाने एजीएम (सील केलेली लेड-ॲसिड बॅटरी) घेतली, 12 व्होल्ट 120 एएच. बंदर एक, समुद्र एक, काम जवळजवळ सारखं, त्यामुळे दोन्हींमधला फरक रोज डोळ्यासमोर दिसत होता. आता दुसरा सीझन चालू आहे आणि बरेच जण बंदरावर विचारतात कुठली घेऊ, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी मुद्द्याचं सांगतो. दुकानात गेलं की बोलणं सुरू होतं किती एएच आणि किती वर्षं वॉरंटी इथून. बोटीसाठी त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न म्हणजे रात्री वापरलेला करंट दुसऱ्या दिवशी परत भरणार कशाने आणि किती वेळात. हर्णैला बोटी उघड्यावर नांगरून असतात, किनाऱ्यावरून छोट्या होडीने बोटीवर जावं लागतं, तिथे चार्जर लावायला प्लग कुठून येणार. म्हणजे भरणार ते इंजिनच्या अल्टरनेटरने जाता-येता आणि टपावरच्या सोलर पॅनलने, बस. ज्यांची बोट धक्क्याला लागते आणि रात्रभर चार्जर लावता येतो त्यांचा हिशोब वेगळा आणि आमचा वेगळा, आणि माझ्या मते कुठली बॅटरी घ्यायची ते ह्या एका गोष्टीवर ठरतं.

खर्च किती होतो ते मी घेण्याआधी कागदावर मांडलं होतं. जाळी ओढताना लावायचे 20 वॅटचे चार एलईडी, साधारण सहा अँपिअर, चार तास धरले की 25 एएच. जीपीएस आणि फिशफाइंडर एकत्र सव्वा अँपिअरच्या आसपास, रात्रभर चालू, म्हणजे 14-15. व्हीएचएफ वायरलेस ऐकायला अर्धा अँपिअर पण बोलायला बटण दाबलं की पाच-सहा अँपिअर ओढतो, रात्रीचे 7 धरा. मास्टलाईट आणि साईडलाईट मिळून 6. खलाश्यांचे मोबाईल 6 (हे कुणी हिशोबात धरत नाही पण चार-पाच फोन सतत लागलेले असतात), बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) आणि ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारा) मिळून 3-4. बेरीज साठाच्या वरखाली. आणि हे एलईडी म्हणजे डेकवर जाळं सोडवताना दिसायला लावतो तेवढेच, प्रकाश टाकून म्हावरं गोळा करायची जी एलईडी मासेमारी आहे तिच्यावर 2017 पासून केंद्राची बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, आमच्यासारख्या छोट्या जाळीवाल्यांचं त्या लाईटने किती नुकसान झालं ते किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

तर रात्रीचे 60 एएच. लेड बॅटरी, मग ती एजीएम असो की पाण्याची, टिकवायची असेल तर अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून भावाची 120. लिथियम 80 टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, म्हणून माझी 100. कागदावर दोन्ही बरोबर बसतात.

पहिले तीन-चार महिने दोघांनाही काही फरक जाणवला नाही. फरक दिसायला लागला थंडीत, रात्र मोठी झाली तेव्हा. भावाचा तांडेल (बोट चालवणारा) पहाटे तीनला म्हणायचा, "नाखवा, दिवे पिवळे पडायला लागले", आणि आमच्याकडे मात्र लाईट तसाच पांढरा. मल्टीमीटर लावून बघायला लागलो. बोट परत येऊन नांगरली, सगळं बंद केलं, तीन-चार तास गेले आणि मग मोजलं तर एजीएम पूर्ण भरलेली असेल तर 12.8 च्या वर दाखवायला पाहिजे, ती दाखवायची 12.5. रोजच. म्हणजे ती कधी पूर्ण भरतच नव्हती.

कारण समजून घ्या, सगळी गोम इथे आहे. लेड बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत पटापट भरते, मग ती करंट घ्यायचं कमी करत जाते, अल्टरनेटर कितीही मोठा असला तरी शेवटचे 20 टक्के भरायला चार-पाच तास किंवा जास्तच लागतात. आमचं इंजिन जाता-येता मिळून चालतं तीन-साडेतीन तास. मग ती पूर्ण भरायच्या आधीच अडकते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच वापर सुरू. आणि लेड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटवर सल्फेट बसून कडक होतं आणि तेवढी कपॅसिटी कायमची जाते. बॅटरी खराब नव्हती, भावाने पूर्ण रिकामी पण केली नव्हती, तरी ती हळूहळू मरत होती कारण तिला पोटभर जेवायलाच मिळत नव्हतं.

लिथियमचं उलट आहे. ती 50 वर राहिली, 70 वर राहिली, तिला काही फरक पडत नाही, उलट सतत 100 वर ठेवण्यापेक्षा मध्ये राहिलेली तिला बरी. आणि जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच करंट घेते. मी अल्टरनेटर आणि लिथियमच्या मध्ये 20 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (करंट ठरावीक मर्यादेत ठेवून भरणारा) लावलाय, तीन तास इंजिन चाललं की 60 एएच आत गेलेच, रात्रीचा खर्च फिटला. वर टपावरचं 100 वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला 25 एएचच्या आसपास देतं, ते जास्तीचं. पॅनल मात्र दर दोन-तीन दिवसांनी गोड्या पाण्याने पुसावं लागतं, मीठ आणि पक्ष्यांची घाण बसली की अर्धं पण देत नाही.

भावाने मग बॅटरी घरी आणून चार्जरवर रात्रभर लावायला सुरुवात केली. त्याने बरीच सुधारली, 12.7-12.8 परत आले. पण 120 एएच एजीएम म्हणजे 35 किलोच्या आसपास वजन, ती बोटीवरून हलत्या होडीत उतरवायची, होडीतून गुडघाभर पाण्यात, मग वाळूतून गाडीपर्यंत, आणि परत तसंच उलटं. दोन माणसं लागतात आणि लाट आली की जीव मुठीत. माझी लिथियम 12 किलो, एका हातात धरून उतरतो. वजनाची किंमत किती आहे ते अशा वेळी कळतं.

आता लिथियमच्या अडचणी पण नीट सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर, ती संपताना सांगून संपत नाही. बंदरात नांगरावर असताना मी मुद्दाम सगळे लाईट लावून शेवटपर्यंत वापरून बघितली. मीटरवर 13.1, मग कितीतरी वेळ 13.0, मग 12.9, लाईट एकदम झक्क, आणि शेवटी 12.5 च्या खाली गेली तशी भराभर उतरली आणि बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या आतल्या सुरक्षा सर्किटने, धाडकन कापलं. एका क्षणात जीपीएस काळा, वायरलेस बंद, सगळा काळोख. लेड बॅटरी दिवे मंद करून तासभर आधी इशारा देते, लिथियम देत नाही. नुसत्या व्होल्टवरून तिच्यात किती उरलंय ते कळतच नाही. म्हणून शंटवाला बॅटरी मॉनिटर लावायलाच पाहिजे, जो आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजून टक्के दाखवतो. आणि एक चेंजओव्हर स्विच, ज्याने वायरलेस आणि जीपीएस स्टार्टच्या बॅटरीवर टाकता येतील. चॅनल 16 (संकटात मदतीची हाक द्यायचा वायरलेस चॅनल) बंद पडून समुद्रात बसायची वेळ कुणावर येऊ नये, ह्या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका.

दुसरी, अल्टरनेटर थेट जोडायचा नाही. लिथियम एवढा करंट ओढते की छोटा अल्टरनेटर तापून जळतो, आणि चार्जिंग चालू असताना बीएमएसने मध्येच कापलं तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. काही मिस्त्री सांगतात व्होल्टेजवर चालणारा रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा) लावा, स्वस्तात काम होतं. लेड-लेडला तो चांगला चालतो, पण तो रिले साधारण 12.8 च्या खाली आलं की सुटतो आणि लिथियम तर नुसती बसलेली असताना पण 13.2-13.3 वर असते, मग तो सुटणार कधी? दोन्ही बॅटऱ्या कायम जोडलेल्या राहतात. डीसी-टू-डीसीच लावा.

तिसरी, हिने इंजिन स्टार्ट करायचं नाही. डिझेलचा स्टार्टर क्षणभर कित्येकशे अँपिअर मागतो, साधी 100 अँपिअरच्या बीएमएसची लिथियम लगेच कापते. स्टार्टला पातळ आणि जास्त प्लेटांची स्टार्टिंग बॅटरीच पाहिजे, आणि डीप सायकलच्या प्लेटा जाड असतात त्या हळूहळू आणि खोलवर देण्यासाठी. एकाच ट्रकच्या बॅटरीवर इंजिन पण आणि रात्रभर लाईट पण अशा बोटी अजून कितीतरी आहेत, त्यांची बॅटरी वर्ष-दीड वर्षात जाते आणि जाते ती पण नेमकी पहाटे, बाहेर असताना.

चौथी, गरम. इंजिनच्या पेटीत ठेवू नका. साधारण 55-60 डिग्रीला बीएमएस चार्जिंग थांबवते आणि मे महिन्यात इंजिनजवळ तेवढं सहज होतं. माझी केबिनमध्ये बाकाखाली आहे, पट्ट्याने बांधलेली, तिथपर्यंत 16 स्क्वेअर एमएमची कल्हई केलेल्या तांब्याची वायर आणलीय, आणि फ्यूज अगदी बॅटरीच्या टर्मिनलजवळ, वीतभर अंतरावर. साधी वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते, वरून कळत पण नाही. टर्मिनलला व्हॅसलिन चोपडायचं, हे दोन्ही बॅटऱ्यांना.

किमतीचं म्हणाल तर आम्हाला लिथियम एजीएमच्या साधारण अडीच पट पडली, वर डीसी-टू-डीसी आणि मॉनिटर वेगळा. लेड बॅटऱ्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झालाय, त्यामुळे एजीएमचा भाव जुन्या यादीवरून धरू नका. शिवाय जुनी लेड बॅटरी दिली की भंगाराचे किलोवर पैसे येतात, लिथियमला कुणी विचारत नाही.

लिथियम घेताना सेल कुठला ते आधी विचारा. बाजारात 12 व्होल्ट म्हणून तीन सेलचे एनएमसीचे (लिथियमचाच दुसरा प्रकार) पॅक पण विकतात, ते उतरत उतरत 9-10 व्होल्टला येतात, जीपीएस मध्येच बंद होतो, आणि आगीचा धोका एलएफपीपेक्षा जास्त. बोटीत आग लागली तर पळणार कुठे. एलएफपी म्हणजे चार सेल, 12.8 व्होल्ट, हे लेबलवर असलं पाहिजे. बीएमएस किती अँपिअरची तेही विचारा. आणि हातात उचलून बघा, 100 एएच लिहिलंय आणि वजन सात-आठ किलोच भरतंय तर आत 100 नाहीत. मला एका दुकानात जुन्या रिक्षाचे सेल भरून नवीन कव्हर घातलेला पॅक दाखवला होता, मी सेलचा टेस्ट रिपोर्ट मागितला तर विषयच बदलला.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर लावू का असं पण विचारतात. ती डीप सायकलच आहे, घरात उत्तम चालते, गावोगाव मिळते. पण ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली, उंच, 150 एएच म्हणजे 50 किलोच्या वर, बोट डुलली की ॲसिड वरच्या बुचातून बाहेर. आणि समुद्राचं पाणी ॲसिडमध्ये गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद केबिनमध्ये ते फार घातक. छोट्या बोटीवर पाण्याची बॅटरी ठेवायचीच असेल तर झाकणाच्या पेटीत आणि हवा खेळेल अशा जागी. एजीएमला हा त्रास नाही, सील असते.

खाडीत किंवा धरणावर हौशी गळाला जाणारे आणि इलेक्ट्रिक मोटर लावणारे यांना एकच सांगतो, 100 एएच हे लेडला 20 तासांत सावकाश काढले तरचं आहे. 50 अँपिअर ओढणारी मोटर फुल लावली तर दोन तास विसरा, तासभर चालली तरी नशीब. त्यांना लिथियमच परवडते.

मग एजीएम कुणी घ्यावी? ज्यांच्या बोटीला रोज धक्क्यावर प्लग मिळतो, किंवा दिवसा जाऊन संध्याकाळी परत येणारे ज्यांचा खर्च 20-25 एएचच्या आत आहे आणि पॅनल मोठं आहे. अल्टरनेटरला थेट जोडता येते, कुठल्याही मिस्त्रीला समजते, बिघडली तर दापोलीत संध्याकाळपर्यंत दुसरी मिळते. ह्या गोष्टी छोट्या नाहीत. आमच्यासारखं नांगरावर उघड्यात उभं राहणाऱ्याला मात्र मी लिथियमच सांगीन, पैसे जुळत नसतील तर वर्षभर थांबून घ्या पण अर्धवट सामान लावून घेऊ नका.

पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै बंदीत बोटी वर असताना भावाने एजीएम घरी फ्लोट चार्जरवर (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा) ठेवली, लेड बॅटरी पूर्ण भरूनच ठेवायची असते. माझी मी 55-60 टक्क्यांवर आणून, वायर काढून, माळ्यावर न ठेवता खालच्या थंड खोलीत ठेवली, ऑगस्टमध्ये जोडली तेव्हा मॉनिटरवर दोन-तीन टक्क्यांचाच फरक. नवीन सीझन चालू झाल्यावर कपॅसिटी मोजली, मोजमापाला एक ठरावीक लाईट लावून घड्याळ बघितलं, माझी जवळजवळ होती तेवढीच देते. भावाची 120 ची आता अंदाजे 85-90 देते. त्याने यंदा दोन एलईडी कमी केलेत, टपावर 200 वॅटचं पॅनल टाकलंय, आणि आता बॅटरी दुपारपर्यंत 12.7 दाखवते, त्यामुळे हा सीझन तरी ती काढेल असं वाटतंय.