क्लेम इट टेक्सास: पैसे परत मिळतात, पत्ता मात्र आपणच बदलावा लागतो

ज्या पैशांचे मालक सापडत नाहीत ते पैसे टेक्सासमधील बँका, विमा कंपन्या आणि तेल कंपन्या ठरावीक मुदतीनंतर राज्याच्या कंट्रोलर कार्यालयाकडे, म्हणजे राज्याचा हिशेब पाहणाऱ्या खात्याकडे, जमा करतात, आणि मालकाने किंवा त्याच्या वारसाने ते ‘क्लेम इट टेक्सास’ या सरकारी संकेतस्थळावरून मागून घ्यायचे असतात. ही सेवा मी पुण्यात बसून वापरली. अमेरिकेतून परत येताना तिथले खनिज हक्क न विकता तसेच ठेवून आलेल्यांना उपयोग होईल, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

ह्यूस्टनला असताना 2014 साली आम्ही पश्चिम टेक्सासमधील रीव्ह्ज काउंटीत खनिज हक्काचा एक लहानसा हिस्सा विकत घेतला होता. आपल्याकडे शेताखाली तेल लागले तरी ते शेतकऱ्याचे होत नाही; टेक्सासमध्ये मात्र वरची जमीन एकाची आणि खालचे तेल दुसऱ्याचे असू शकते, आणि त्या दुसऱ्याला तेल कंपनीकडून रॉयल्टीचा, म्हणजे उत्पन्नातल्या वाट्याचा, चेक टपालाने येत राहतो. 2019 साली परतताना आम्ही पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज दिला, ह्यूस्टनजवळच्या केटी गावात राहणाऱ्या मावसभावाच्या घरी टपाल वळवले आणि काम झाले असे समजून विमानात बसलो. अमेरिकी पोस्ट असे टपाल साधारणपणे 12 महिनेच वळवते, आणि पाकिटावर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ असे छापलेले असेल तर ते वळवतही नाही, पाठवणाऱ्याकडेच परत धाडते. आमचे चेक असेच परत गेले, तेल कंपनीने आमचे खाते ‘सस्पेन्स’मध्ये टाकले, म्हणजे पैसे देणे थांबवून रोखून ठेवले, आणि खनिज उत्पन्नासाठी असलेली तीन वर्षांची मुदत उलटल्यावर रक्कम राज्याकडे गेली. कंपनीला दोष द्यावासा वाटतो खरा, पण तिला आमचा नवा पत्ता आम्ही कधी कळवलाच नव्हता.

संकेतस्थळावर शोध घेणे सोपे आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. आडनाव टाकताच नोंदी समोर येतात. मात्र मराठी नावांच्या बाबतीत एकाच स्पेलिंगवर थांबू नये, असे आवर्जून सांगतो. आमची एक नोंद बरोबर स्पेलिंगने होती. दुसरी, आडनावातला एक ‘एच’ गळालेली आणि वडिलांचे नाव पहिले नाव म्हणून लावलेली, मला तिसऱ्या दिवशी सापडली. ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक देणे अवघड नव्हते. घाम फुटला तो नोंदीतल्या जुन्या पत्त्यावर आपण खरोखर राहत होतो हे दाखवताना, आणि ते जमले माळ्यावरच्या बॅगेत निघालेल्या 2016 सालच्या डब्ल्यू-2 मुळे, म्हणजे नोकरीच्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या वार्षिक दाखल्यामुळे. परदेशातून परतलेल्यांनी असले कागद रद्दीत घालू नयेत. दावा करायला कालमर्यादा नाही, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मालक वारला असेल तर वारसाला आधी वारसाहक्काची कागदपत्रे जमवावी लागतात.

तरीही या सेवेवर विसंबून निर्धास्त राहणे चुकीचे ठरेल, कारण ती फक्त अडकलेले पैसे देते. दावा मंजूर झाला म्हणून तेल कंपनीकडचा पत्ता बदलत नाही, आणि पुढचे चेक पुन्हा त्याच वाटेने राज्याकडे जातात. कंपनीला चेकच्या पट्टीवरचा मालक क्रमांक घालून, सहीनिशी लेखी कळवावे लागते. काउंटी क्लर्कच्या दप्तरातील खरेदीखतावर खरेदीच्या वेळचा टपालाचा पत्ता असतो आणि तेल काढण्याच्या भाडेपट्ट्यासाठी मालक शोधणारे लोक प्रथम तिथेच पाहतात. त्यामुळे नवा पत्ता लिहिलेला दस्त तिथेही नोंदवून ठेवावा. मालमत्ता करासाठी मूल्य ठरवणारे ॲप्रेझल डिस्ट्रिक्ट हे कार्यालय यापैकी कोणाचेच ऐकत नाही, त्याला वेगळे पत्र लागते. कराचे बिल साधारणपणे ऑक्टोबरमध्ये निघते आणि 1 फेब्रुवारीपासून थकबाकी धरली जाते. बिल मिळालेच नाही ही सबब चालत नाही. पाच वर्षे कर भरलेला नसेल आणि शोधूनही मालक सापडत नसेल, तर न्यायालय रिसीव्हर, म्हणजे मालकाच्या जागी व्यवहार करणारा माणूस, नेमून मालकाच्या हक्काचा भाडेपट्टा परस्पर करून देऊ शकते. त्या पट्ट्यातील रॉयल्टीचा दर ठरवताना घासाघीस करायला आपण हजर नसतो, आणि ती संधी कोणत्याही संकेतस्थळावर दावा करून परत मिळत नाही.

संकेतस्थळाला मी पाचपैकी चार तारे देतो. एक तारा कापला तो या कारणासाठी: दावा पूर्ण होताना ‘कंपनीला नवा पत्ता कळवलात का?’ एवढी एक ओळ मोठ्या अक्षरांत दिसली असती, तर मी ते पत्र चार महिने आधी पाठवले असते. परताव्याचा चेकही टपालानेच यायचा होता, म्हणजे पत्ता हरवल्यामुळे गेलेले पैसे मिळवायलाही प्रथम पक्का पत्ता हवाच होता! तो केटीच्या पत्त्यावर मागवला, आणि मावसभावाने पाकीट फोडून आधी त्यावरचे आडनाव वाचून दाखवले. या वेळी ‘एच’ जागेवर होता.