कोलंबसचं जर्मन व्हिलेज: लेकीकडं गेलात तर अर्धा दिवस इथं काढाच

मराठवाड्यात आता घरटी कुणी ना कुणी अमेरिकेत आहेच, आणि आईवडील तिकडं गेले की लेकरं काय दाखवतात तर कॉस्टको, मॉल, मंदिर आणि लाँग वीकएंडला गाडी काढून नायगारा. बाकीचे दिवस आपण खिडकीतून रस्ता बघत बसायचा, ज्याच्यावर माणूस म्हणून दिसत नाही. म्हणून जे कुणी ओहायोत कोलंबसला जाणार आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. डाऊनटाऊनच्या दक्षिणेला लागूनच जर्मन व्हिलेज नावाची जुनी वस्ती आहे, तिथं नुसतं पायी फिरा. तिकीट नाही, गेट नाही, रांग नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कशापायी कापला ते पुढं येईलच.

आमचे जावईबापू म्हणाले, आई, तिथं बघायला काय आहे, लोकांची घरं तर आहेत. तेच तर बघायचं आहे म्हटलं. हे म्युझियम नाही बरं का, माणसं राहतात, दारात कचऱ्याचे डबे, खिडकीत मांजर बसलेलं, कुणी कुत्रं फिरवतंय. घरं लाल विटेची, गिलावा नाही, नुसत्या विटांमधल्या फटी भरलेल्या. खिडक्यांच्या वरखाली पांढरट चुनखडी दगडाच्या पट्ट्या, छपरावर त्या काळ्या दगडाच्या चिपा, ज्याच्या पाटीवर आपण लहानपणी मुळाक्षरं गिरवली. घरं अगदी फुटपाथला चिकटून, लहान लहान, बाग मागं नाहीतर बाजूच्या बोळात, लोखंडी कुंपणातून डोकावून बघावी लागते. फुटपाथ विटेचा आणि बरेच रस्तेही विटेचेच. सगळी वस्ती 233 एकरांची आहे, सगळं पायी होणार नाही, आणि करायची गरजही नाही.

आमच्या अंबाजोगाईतल्या जुन्या गल्ल्यांतले वाडे पण असेच रस्त्याला चिकटलेले, बाहेरून नुसती भिंत नि दरवाजा, आत शिरलं की ढेलज, चौक, वर माळवद. फरक एवढाच की हे सरदार-देशमुखांचे वाडे नाहीत, गवंडी, सुतार, बिअरच्या कारखान्यात राबणारे असल्या कामकरी जर्मन लोकांनी 1800 च्या शतकात बांधलेली घरं आहेत. मला तर ह्याचंच जास्त अप्रूप वाटलं, कारण आपल्याकडं जपलं तर राजाचं जपतात, कुंभारवाड्यातलं घर कोण जपतंय.

इतिहास थोडक्यात सांगते, लेकीनं वाचून दाखवलेला आणि मग मी स्वतः खोदून खोदून विचारलेला. 1865 च्या सुमाराला कोलंबसच्या लोकसंख्येत तिसरा हिस्सा जर्मन होता. त्यांची चर्चेस, त्यांच्या शाळा, त्यांची वर्तमानपत्रं, आणि पश्चिमेला लागून बिअरचे कारखाने. मग पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन म्हटलं की लोक डोळे वटारायला लागले. रस्त्यांची नावं बदलली, बिस्मार्क स्ट्रीटचा लान्सिंग झाला, शिलर स्ट्रीटचा व्हिटियर, शिलर पार्कला वॉशिंग्टन पार्क केलं (ते नाव पुढं परत शिलर झालं, रस्त्यांची मात्र राहिली ती राहिलीच). नावं बदलायची हौस काही आपल्यालाच नाही म्हणायचं. त्यात 1920 मध्ये दारूबंदी आली, कारखाने बसले, कामं गेली, लोक निघून गेले. 1950 च्या दशकापर्यंत ही वस्ती सरकारी भाषेत झोपडपट्टीच्या लायकीची झाली होती, उत्तरेकडचा बराच भाग पाडला, तिकडून हायवे गेला.

उरलेलं वाचलं कसं, तर फ्रँक फेच नावाचा एक माणूस होता, महानगरपालिकेतलाच नोकरदार, त्यानं लोक काय म्हणतील ह्याची पर्वा न करता इथं जुनं घर घेतलं आणि दुरुस्त केलं. मग शेजाऱ्यांना गोळा करून 1960 मध्ये जर्मन व्हिलेज सोसायटी काढली. 1963 पासून शहराचं एक कमिशन आहे, त्यांच्या परवानगीशिवाय बाहेरून खिडकी, दार, छप्पर, कुंपण काहीच बदलता येत नाही, आत मात्र तुम्ही काय पाहिजे ते करा. 1974 ला ऐतिहासिक जागांच्या राष्ट्रीय यादीत नाव लागलं. बहुतेक सगळा पैसा राहणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून घातलेला. आता फेचच्या नावाचं छोटंसं पार्क आहे बेक स्ट्रीटवर, दहा मिनिटं टेकायला चांगलं.

आमचे हे बांधकाम खात्यातून रिटायर, त्यामुळं बाकी कशात नाही पण विटेत जीव अडकतो. एका घरापुढं एक म्हातारा गुडघ्याखाली उशी घेऊन फुटपाथच्या विटा उपसत बसला होता, झाडाच्या मुळ्यांनी वर आलेल्या. आमचे हे तिथंच थांबले. खाली सिमेंट नव्हतं, नुसती वाळू अंथरलेली. विटा सरळ ओळीत नाहीत, तिरक्या, एकमेकींत अडकवून बसवायच्या. एक वीट ठेवायची, रबरी हातोड्यानं दोन ठोके, लेव्हल लावून बघायची, हलली की परत काढायची आणि चिमूटभर वाळू घालायची. जुनीच वीट घासून पुन्हा वापरत होता, एक फुटकी निघाली तर बादलीतून दुसरी जुनीच काढली. ह्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, हे काम म्युनिसिपालिटीचं नाही का, तर म्हणाला, ज्याच्या घरासमोर त्यानं सांभाळायचं. त्यावर आमचे हे पुढचे दोन चौक गप्प होते, आणि मग एकदम म्हणाले, ताईचा वाडा आठवला.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद, संभाजीनगरला गुलमंडीच्या मागं. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, हे कोलंबस शहर त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी, 1812 चं. ताईच्या वाड्याची पुढची ढेलज रस्त्यात गेली, उरलेल्यावर भावकीचा वाद, आणि आता तिथं खाली मोबाईलची दुकानं नि वर फ्लॅट. असो, रिव्ह्यू लिहायला बसले नि कुठं निघाले.

बघायच्या ठिकाणांत पहिलं द बुक लॉफ्ट, साऊथ थर्ड स्ट्रीटवर. 1977 पासूनचं पुस्तकांचं दुकान, 32 खोल्या, इमारती त्यांच्या यादवी युद्धाच्या आधीच्या. खोल्या म्हणजे एकात एक, बोळ इतके अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं मागं सरायचं, मध्येच दोन पायऱ्या चढ, तीन उतर. गर्दीच्या दिवशी जीव घाबरतो, पण लेकरांना सोडलं तर तास दीड तास निवांत. आमच्या नातवाला शोधायला दोघांना वेगवेगळ्या बाजूनं पाठवावं लागलं आणि मग त्या दोघांना शोधायला मी गेले.

खायला श्मिट्स, कोसुथ स्ट्रीटवर. मांसाचा धंदा 1886 पासूनचा, हॉटेल 1967 पासून, पूर्वी घोड्यांचा तबेला असलेल्या विटेच्या इमारतीत. सगळा मामला सॉसेजचा, खाणाऱ्यांनी खुशाल खा, जावयानं बहामा मामा नावाचं तिखट सॉसेज खाल्लं आणि आपल्या काळ्या मसाल्यापुढं हे काहीच नाही असं ऐकवलं. शाकाहारी लोकांनी नीट विचारून घ्या, जर्मन बटाटा सॅलडमध्ये बेकन घालायची पद्धत असते. क्रीम पफ प्रसिद्ध आहे, दोन्ही हातांनी धरावा लागतो, आमच्यात एक चौघांना पुरला. त्यात अंडं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी नुसतं बघावं.

आणि शिलर पार्क. हे मात्र चुकवू नका. 23 एकरांची बाग, शहरानं 1867 ला घेतलेली, मध्ये कवी शिलरचा 1891 चा पुतळा, तळं, बदकं. छत्री घेतलेल्या मुलीचं एक कारंजं आहे, छत्रीवरून पाणी गळतं. पहिली मूर्ती कधीतरी गायब झाली, आताची 1996 ची. उन्हाळ्यात संध्याकाळी इथं उघड्यावर शेक्सपिअरची नाटकं होतात, फुकट, नंतर बादली फिरवतात त्यात इच्छेनं टाका. खुर्ची नाहीतर सतरंजी घरून न्यायची. भाषा मला चार आणे कळली, पण लोक डबे उघडून जेवत जेवत नाटक बघत होते ते बघूनच मजा आली. रस्ता चुकायची भीती नको, सेंट मेरी चर्चचं 197 फुटांचं शिखर जवळजवळ कुठूनही दिसतं.

आता अर्धा स्टार. विटेचे फुटपाथ दिसायला कितीबी छान असले तरी वरखाली आहेत, प्रत्येकाच्या घरापुढं काही तो म्हातारा बसलेला नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी चप्पल-सँडलवर जाऊ नका, चांगले बूट घाला, पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी राहू द्या, विटा शेवाळतात. व्हीलचेअरवाल्यांना तर लै अवघड. पार्किंगचा वैताग आहे, शनिवार-रविवारी जावयानं चकरा मारून मारून शेवटी लांब गाडी लावली, त्यापेक्षा आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जा, किंवा हाय स्ट्रीटवरून बस येते ती धरा. आणि घरं आतून बघायला मिळत नाहीत, वर्षातून एकदा जूनच्या शेवटी तिकीट काढून काही घरं आणि बागा उघडतात, तेवढ्यावर तारीख जुळली तर बघा. कुणाच्या खिडकीला नाक लावून फोटो काढू नका, आपले लोक काढतात म्हणून सांगतेय.

चहाचं मात्र नाव काढू नका. एका कॅफेत मागितला तर कोमट पाण्याचा कप आणि वर दोरी लटकणारी पिशवी, दूध मागितलं तर फ्रीजमधलं गार. थर्मास घरून भरून न्या, बागेत तळ्याकाठी बाकं भरपूर आहेत.