मुलाखती खुल्या ठेवाव्या की कुलपात?

निपाणी-खानापूरकडे आरोग्यावर मुलाखती घेणाऱ्यांना प्रकल्प संपताना हे ठरवावंच लागतं: ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे मुलाखतींची शब्दशः लेखी प्रत, सरसकट खुल्या करायच्या, की अर्ज करणाऱ्यालाच द्यायच्या? डेटा स्वतःकडेच ठेवून ‘मागितल्यास देऊ’ म्हणायचं, हा पर्याय मी धरतच नाही. माणूस निवृत्त झाला, ईमेल बंद पडला की डेटाही गेला.

खुल्याची बाजू लंगडी नाही. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं झेनोडो, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवायचं ऑनलाइन भांडार, 2013 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, डीओआय (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) लगेच मिळतो. सर्वेक्षणाचे आकडे मी तिथे डोळे मिटून टाकेन.

मुलाखतीचं मात्र अवघड. विड्या वळणाऱ्या एका बाईच्या मुलाखतीतून (तपशील इथेही बदललेत) नाव, गाव, वय काढलं. तरी उरलं काय? नवरा गोव्याला, टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या, जाऊ आशा कार्यकर्ती. गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखेल. बरं, जाऊ काढावी, तर गोळ्या का सोडल्या हेच कळत नाही. जावेकडून आजाराची गोष्ट घरात फुटेल या धास्तीनेच तर सोडल्या होत्या. ओळख पटवणारा तपशील आणि निष्कर्ष एकच. पुसत गेलो तर हाती राहतं, ‘एका महिलेने औषध बंद केले.’ ते खुलं ठेवून कुणाचं भलं होणार?

इथेच माझं पारडं झुकलं. ब्रिटनची यूके डेटा सर्व्हिस किंवा अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाची क्वालिटेटिव्ह डेटा रिपॉझिटरी अशा डेटा-भांडारांत संवेदनशील डेटा अटींवर देता येतो. वापरणाऱ्याला अटी मान्य कराव्या लागतात, त्यात कुणाची ओळख शोधणार नाही हेही आलं. म्हणून जाऊ मजकुरात ठेवता येते. त्रास आहेच: कागदपत्रं, वाट पाहणं, शुल्काची आधी चौकशी. झेनोडोवरही फाइल बंद ठेवता येते, पण मग आलेल्या प्रत्येक विनंतीचा निवाडा तुम्हीच करायचा.

मुलाखती कुणालाच न देण्यासाठी सहकारी गोपनीयतेचं कारण देतात, ते खरंही आहे. पण आपले अडखळते प्रश्न दुसऱ्याने वाचू नयेत, हेही त्यात थोडं असावं, असं मला आपलं वाटतं.

जुन्या संमतीपत्रात ‘फक्त या अभ्यासासाठी’ असं असेल, तर एथिक्स कमिटीला विचारल्याशिवाय दोन्ही वाटा बंद. आता मी उताऱ्यांसाठी एक आणि पूर्ण मुलाखतीसाठी दुसरी, अशा वेगळ्या सह्या घेतो. दुसरीवर ‘घरी विचारून सांगते’ असं आलं, तर ते नाहीच धरतो.