घोडचूक कोणती, अपघात कोणता: मुलाला घोड्यावर बसवण्याचे तीन मार्ग

मूल घोड्यावर बसायचा हट्ट धरतं तेव्हा घरात वाद होतो तो ‘बसवायचं की नाही’ यावर. ‘कसं बसवायचं’ हे मात्र समोर येईल तो घोडेवालाच ठरवतो. पाच मिनिटांची हौशी फेरी, रायडिंग स्कूलमधलं शिक्षण आणि घरी पाळलेलं तट्टू, तिन्हींना आपण घोडेस्वारीच म्हणतो. पण प्रत्येकात धोका वेगळ्या जागी दडलेला असतो, आणि काही विपरीत घडलं तर आईबापांना बोल लावण्यात किती तथ्य, तेही त्यावरच ठरतं.

तिन्हीकडे सारखं असतं ते जनावर. साधारण घोडा ४०० ते ५५० किलोचा. पोनी म्हणजे खांद्याशी १४८ सेंटिमीटरपर्यंतचं घोडं. तेही लहान मुलाच्या कितीतरी पट वजनाचं. मोठ्या घोड्यावर बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून दोन मीटरच्या वर असतं. घोड्याला मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. शिकार होणाऱ्या प्राण्याची जात, त्यामुळे आधी पळायचं आणि मग काय होतं ते बघायचं, हा त्याचा स्वभाव. उडालेली पिशवी पाहून उत्तम शिकवलेलं घोडंही बुजतं. एवढा धोका कोणत्याही मार्गाने शून्यावर येत नाही. उरलेला बराचसा माणसांनी आणलेला असतो.

हौशी फेरी

वेळ थोडा, चाल संथ, दोर कोणाच्या तरी हातात. कागदावर हा सगळ्यांत निर्धोक मार्ग. अडचण सामानाची आहे. खोगीर मोठ्या माणसाच्या मापाचं असतं, रिकिबी (पाय ठेवायची लोखंडी कडी) खाली लोंबतात, मुलाचे पाय तिथवर पोचत नाहीत. मग घोडेवाला काय करतो? रिकीब सोडून वरच्या चामडी वादीच्या फटीतच मुलाचं पाऊल सरकवतो. मूल खूश, फोटोही छान येतो. पण त्या फटीतून पाऊल घोट्यापर्यंत आत जातं आणि मूल कलंडलं की अडकून राहतं. घोडं तशात दोन पावलं पळालं तरी मूल फरफटतं. नुसत्या पडण्यापेक्षा हे कितीतरी वाईट. मापाची रिकीब नसेल तर पाय मोकळे लोंबू द्या आणि एका मोठ्या माणसाला मुलाची मांडी धरून बाजूने चालायला सांगा.

दुसरी नेहमीची चूक प्रेमापोटी होते: बाळाला मांडीवर घेऊन आईने किंवा बाबांनी स्वतः बसणं. खोगिरात जागा एकाची असते. पडायची वेळ आली तर दोघं एकत्र पडतात आणि मोठ्याचं वजन बाळावर येतं. ओढणीने मुलाला खोगिराशी बांधणं तर त्याहून घातक.

फेरी घ्यायचीच तर अटी साध्या ठेवा. पूर्ण वेळ संथ चालच. दोर माणसाच्या हातात, पण बोटांना किंवा तळव्याला गुंडाळलेला नाही. डोक्यावर मापाचं हेल्मेट. ‘जरा पळवू का?’ असं घोडेवाला मुलाला विचारायला लागला की मुलाला उतरवून घ्या. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. धक्का आला तर तोल सावरायला त्याच्याकडे फारसं काही नसतं.

रायडिंग स्कूल

इथे मूल जास्त वेळा पडेल, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं. तासांमागून तास बसायचं, दुडकी चाल शिकायची, पुढे कँटर, म्हणजे संथ दौड. पडणं त्यात येतंच. फरक पडण्याच्या जागेत आणि पद्धतीत आहे: मऊ वाळूचं रिंगण, बंद फाटक, रिकिबीतून सहज सुटणारा पाय आणि शेजारी शिक्षक.

चांगल्या शाळेत क्रम ठरलेला असतो. आधी दोराने धरून चालवणं. मग लंजिंग, म्हणजे साधारण ८ मीटरच्या लांब दोरावर शिक्षक मधे उभा आणि घोडा भोवती गोल. घोड्याचा ताबा शिक्षकाकडे असल्यामुळे मूल नुसतं मांड बसवायला शिकतं: आधी हात कमरेवर, मग रिकिबीशिवाय. त्यानंतर गट. गटात अंतर राखायची एक सोपी खूण मुलांना शिकवतात: पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचा आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून दिसल्या पाहिजेत. दिसेनाशा झाल्या म्हणजे आपण फार जवळ आलो आणि लाथेच्या टप्प्यात शिरलो. ज्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधलेली असते ते लाथ मारणारं, हेही मुलाला पहिल्याच दिवशी कळायला हवं.

तंगाकडे, म्हणजे पोटाखालून खोगीर कसणाऱ्या पट्ट्याकडे, स्वतः बघा. खोगीर कसताना बरीच घोडी पोट फुगवून धरतात. त्या वेळी घट्ट वाटलेला तंग पाच मिनिटं चालल्यावर ढिला होतो आणि खोगीर मुलासकट कुशीवर घसरतं. म्हणून तंग दोनदा तपासायचा: चढण्याआधी आणि थोडं चालवून झाल्यावर. तंग आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं जेमतेम सरकावीत. शिक्षक ही दुसरी तपासणी न सांगता करतो का, एवढं काठावर उभं राहून पाहिलं तरी शाळेची पारख होते.

नवशिक्या मुलाला नवशिकं घोडं देणारी शाळा लगेच बाद. बारा-पंधरा वर्षांचं, थोडं आळशी, शंभर मुलं पाठीवरून उतरवलेलं पोनी दिसायला रुबाबदार नसतं; पण पहिल्या वर्षाला तेच हवं. एका शिक्षकाकडे सुरुवातीची चार मुलं ठीक, सहा म्हणजे हद्द झाली.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: ‘या पोनीवरून शेवटचं मूल कधी पडलं, आणि कशामुळे?’ नीट चालणाऱ्या शाळेकडे याचं उत्तर वहीत लिहिलेलं असतं. ‘आमच्याकडे कोणी पडत नाही’ असं ऐकू आलं तर पुढची शाळा बघा.

घरचं तट्टू

इथे खोगिरावरचे तास कमी आणि जमिनीवरचे जास्त. खरारा, नाल बघणं, चारापाणी, बाहेर काढणं आणि आत नेणं. लाथ, चावा, पायावर पडलेलं खूर हे सगळं जमिनीवर घडतं, आणि नेमकं तिथेच हेल्मेट काढून ठेवलेलं असतं. दोर हाताला गुंडाळून घोडं नेणं ही यातली सगळ्यांत महागात पडणारी सवय. घोडं दचकून मागे हटलं की वेटोळं आवळतं आणि बोट तुटू शकतं. दोर घडी घालून मुठीत धरायचा. आठवडाभर बांधून ठेवलेलं, वर दाणा खाल्लेलं घोडं रविवारी मुलाखाली दिलं तर ते उधळणारच. पहिली पंधरा मिनिटं मोठ्या माणसाने लंजिंग करून त्याचा जोर उतरवावा. मूल दोन वर्षं नियमित शिकलेलं नसेल तर घरच्या तट्टूचा विचारच नको.

| | हौशी फेरी | रायडिंग स्कूल | घरचं तट्टू |
|---|---|---|---|
| धोका मुख्यतः कुठे | अडकलेला पाय, बेमाप सामान | तोल जाऊन पडणं | जमिनीवर, लाथ आणि दोर |
| ताबा कोणाकडे | घोडेवाला | शिक्षक | तुम्ही |
| पालकाने काय पाहायचं | रिकीब, दोर, चाल | शिक्षक, घोडं, तंग | सगळंच, रोज |

सामान: कशावर खर्च करायचा, कशावर नाही

सायकलचं हेल्मेट घरात आहे म्हणून तेच वापरायचा मोह होतो. ते रस्त्यावर पडणं डोळ्यापुढे ठेवून बनवलेलं असतं. घोडेस्वारीचं हेल्मेट डोक्यामागे जास्त खाली येतं आणि खुरासारख्या कडेचा आघात धरून तपासलेलं असतं. आतल्या लेबलावर एएसटीएम एफ ११६३, पीएएस ०१५ किंवा व्हीजी १ या सुरक्षा मानकांपैकी काही आहे का बघा. नुसतं मखमली टोपीसारखं दिसणारं, लेबल नसलेलं हेल्मेट शोभेचं.

माप असं पाहा: हेल्मेट भुवयांच्या वर एक-दोन बोटं, आडवं सपाट. पट्टा न लावता हळूच हलवलं तर कपाळाची कातडी आणि भुवया सोबत हलल्या पाहिजेत. हेल्मेटच नुसतं फिरलं तर ते मोठं आहे. ‘वाढत्या अंगाचं’ घेणं शाळेच्या गणवेशाला ठीक, इथे नाही. दर सहा महिन्यांनी माप पुन्हा बघा. वेण्या किंवा अंबाडा आत कोंबल्याने माप बदलतं, केस मानेवर खाली बांधा.

बॉडी प्रोटेक्टर, म्हणजे आत फोम असलेलं संरक्षक जाकीट, दुसऱ्या क्रमांकाचा. बरगड्यांवरचा मार तो कमी करतो. घोडं अंगावर पडलं किंवा पाठीचा कणा वाकला तर त्याचा उपयोग मर्यादित. ईएन १३१५८ मानकातली पातळी ३ घ्या. आतला फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, म्हणून दुकानात पाच मिनिटं घालून ठेवून मग पट्टे आवळा. एअर व्हेस्ट लहान मुलासाठी घाईने घेऊ नका. तो खोगिराला दोरीने जोडलेला असतो आणि पडताना दोरीला बसलेल्या ओढीने फुगतो. हलक्या मुलाची ओढ कमी पडू शकते. शिवाय उतरताना दोरी सोडायची राहिली तर होणाऱ्या आवाजाने पोनी बुजतं ते वेगळंच.

कमी पैशांत सर्वाधिक फायदा रिकिबीत आहे. बुटापेक्षा अडीच सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा. याहून अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर लहान पाऊल आरपार जातं. मुलांसाठी पीकॉक रिकीब चांगली: तिच्या एका बाजूला लोखंडाऐवजी जाड रबरी कडं असतं, ते जोर आला की निसटतं. कडं बाहेरच्या बाजूलाच हवं, घोड्याच्या अंगाकडे नाही; गडबडीत उलटी लावलेली रिकीब अनेकदा दिसते. रबर चिरलं असेल तर लगेच बदला. बुटाला छोटी टाच आणि गुळगुळीत तळ हवा. खोल खाचांचे स्पोर्ट्स शूज रिकिबीत धरून बसतात.

दोष कोणाचा

मूल पडून हात मोडला की नातेवाइकांचं वरातीमागून घोडं निघतं. ‘कशाला बसवलंत?’, ‘एवढीशी पोर!’ घरातल्या घरातही ‘हट्ट तुझाच होता’ सुरू होतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांपुढे एक कोडं ठेवलं होतं. एका मुलाने दार ढकललं आणि दारामागे कप आहेत हे माहीत नसल्याने पंधरा कप फुटले. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एक कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुधा पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवत. घोड्याच्या अपघातानंतर शहाणी मोठी माणसंही कपच मोजत बसतात.

दोन घरं शेजारी ठेवून बघा. पहिल्या घराने शाळा पारखली, हेल्मेट मापाचं घेतलं, तंग दोनदा तपासला गेला. कुंपणाबाहेर पत्रा वाजला, पोनी बुजलं, मुलीचं मनगट मोडलं. दुसऱ्या घरातल्या मुलाने डोक्यावर काही न घालता, पाय वादीत अडकवून दुडक्या चालीत फेरी मारली आणि हसत उतरला. बोल पहिल्या घराला लागतो, कौतुक दुसऱ्याचं होतं. अपघात पहिल्या घरात झाला. घोडचूक दुसऱ्या घराने केली, फक्त त्या दिवशी ती खपून गेली.

पालकाचा वाटा ठरवायला तीन प्रश्न पुरतात. बसवण्याआधी ती गोष्ट डोळ्यांना दिसत होती का? ती बदलणं किंवा नाकारणं पालकाच्या हातात होतं का? कोणी इशारा दिल्यावरही रेटून नेलं का? ढिली रिकीब दिसत होती. आतून कुजलेली शिवण पालकाला दिसणार नव्हती, ती तपासणं शाळेचं काम होतं. ‘जोखीम मान्य’ अशा कागदावर सही करताना तुम्ही घोड्याचा स्वभाव मान्य करता, सडकी वादी नाही. शिक्षकाने ‘अजून कँटर नको’ म्हटल्यावरही ‘स्पर्धा जवळ आली’ म्हणून रेटणारा पालक मात्र दोषातून सुटत नाही.

दोषारोपाचा एक तोटा थेट तब्येतीवर येतो. पडल्यावर आरडाओरडा झाला की मूल पुढच्या वेळी डोकं दुखतंय हे लपवतं, कारण सांगितलं तर घोडं बंद होईल. शाळेची वही कोरी राहते. निसटते प्रसंग कोणी बोलत नाही आणि तोच तंग पुढच्या मुलाखाली सरकतो.

पडल्यावर

‘लगेच परत बसव, नाहीतर भीती बसेल’ हा जुना सल्ला डोक्याला मार लागला असेल तर धोक्याचा. त्या दिवशी पुन्हा खोगीर नाही. पुढे कधी, ते डॉक्टर सांगतील. शुद्ध हरपली, मान दुखते किंवा हातापायांना मुंग्या येतात असं असेल तर मुलाला हलवू नका आणि श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नका, रुग्णवाहिका बोलवा. वारंवार उलटी, गोंधळलेलं बोलणं, वाढती डोकेदुखी, न आवरणारी झोप, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. पोटावर लाथ बसली असेल तर बाहेर वळ नसला तरी दाखवून घ्या. प्लीहा किंवा यकृताची जखम काही तासांनी डोकं वर काढते.

त्याच संध्याकाळी, डोकी थंड झाल्यावर, चार ओळी लिहून ठेवा: घोडं कोणतं, चाल कोणती, आधी काय वाजलं किंवा हललं, रिकीब सुटली की नाही. शाळेला एक प्रत द्या. आणि ज्या हेल्मेटवर मार बसला ते वरून धडधाकट दिसलं तरी आतला थर दबलेला असू शकतो. त्याचा पट्टा कात्रीने कापून मगच फेका, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या डोक्यावर ते चढणार नाही.