स्मरणपुस्तिका तयार साच्यातून: छपाई चोख, मजकुराचा साचा मात्र टाकून द्या

ख्रिस्ती कुटुंबात आईच्या स्मरणसभेसाठी माहिती आणि फोटो साच्यात भरून द्यायचे आणि छापील पुस्तिका घ्यायची, ही सेवा घाईच्या दिवसांत खरंच उपयोगी पडते. कागद, रंग, पिना यांबद्दल सहसा तक्रार नसते. घोळ असतो तो आत.

‘जीवनपट’ या पानावर आधीच लिहून ठेवलेलं असतं: प्रेमळ, धार्मिक, मनमिळाऊ. नाव बदललं की कुठल्याही बाईला चालेल असा मजकूर! तो सरळ पुसा आणि विशेषणांच्या जागी कामं लिहा. संडे स्कूलचा कोणता वर्ग घ्यायच्या, उपासनेला कुठल्या बाकावर बसायच्या, आजाऱ्यांना भेटायला कोणत्या वारी जायच्या. ए-५ पानावर १२ पॉइंटात साधारण सव्वादोनशे शब्द बसतात, तेवढे पुरतात. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास जाहीर करण्याचा विधी) आणि लग्नाच्या तारखा आठवणीवर न सोडता मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नोंदवहीतून घ्या.

८ पानी पुस्तिका म्हणजे ए-४ चे दोनच कागद, मधोमध दुमडून पिन मारलेले. त्यामुळे पानं ४ च्या पटीतच वाढतात. गीतं पूर्ण छापायची असतील तर १२ पानी घ्या. साचा गीत जागा मिळेल तिथे तोडतो आणि मग तिसऱ्या कडव्यावर सगळी सभा एकदम पान उलटते. गीत समोरासमोरच्या दोन पानांतच संपलं पाहिजे, आणि अक्षर १४ पॉइंटाच्या खाली नको, कारण गाणाऱ्यांत वयस्कर माणसं जास्त असतात. मोठा फोटो मधल्या जोडपानावर (१२ पानीत ६-७) चांगला दिसतो, कारण तिथे कागद अखंड असतो. फक्त चेहरा घडीवर येऊ देऊ नका, पिन गालातून जाते.

बायबलच्या वचनासाठी साच्यात नीतिसूत्रे ३१, म्हणजे सद्गुणी स्त्रीचं वर्णन, ठरलेलंच. १० ते ३१ या २२ ओव्या मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात. सगळ्या छापल्या तर पानभर जागा जाते, म्हणून २८ ते ३१ पुरे. नातवंडांना प्रार्थना शिकवणारी आजी असेल तर २ तीमथ्य १:५ जास्त नेमकं बसतं, त्यात आजी लोईस आणि आई युनीके दोघी आहेत. वचन सगळे मिळून वाचणार असतील तर मंडळी वापरते तेच भाषांतर छापा, नाहीतर निम्मे आपापल्या बायबलमधून वेगळंच वाचतात.

फोटोंचं गणित साधं आहे, इंचाला ३०० पिक्सेल: ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल. लग्नाच्या घोळक्यातून कापलेला ३०० पिक्सेलचा चेहरा एका इंचापलीकडे धूसर होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ‘आपोआप सुधारणा’ ही सोय बंद ठेवा, ती सुरकुत्या पुसते आणि आई ओळखू येत नाही.

या सेवेत सगळ्यांत चांगलं पान हाती येतं ते आईच्या स्वतःच्या बायबलचं. पेन्सिलीच्या रेघा, समासातली नावं, तारखा. स्कॅन रंगीत आणि ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा, कृष्णधवलमध्ये पेन्सिल नाहीशी होते. बायबलचा कागद पातळ असल्याने मागची अक्षरं उमटतात. पानामागे काळा कागद सरकवला की ती जातात.

छपाईला होकार देण्याआधी पीडीएफमध्ये ‘ख्रिस्त’, ‘स्तोत्र’ आणि आडनाव हे तीन शब्द शोधून पाहा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरात जोडाक्षरं आणि र्‍हस्व वेलांटी हमखास इथेच तुटते. मुखपृष्ठ २५० जीएसएमचं, म्हणजे जाड कागदाचं, असेल तर घडीची रेघ आधी दाबून घेतात का, हेही विचारा. तसं न केल्यास घडीवर रंग फुटतो. शेवटचं पान कोरं आणि चकाकी नसलेल्या कागदावर मागा, लोकांना त्यावर चार ओळी लिहिता येतात. चकचकीत कागदावर शाई पसरते.