मूलभूत बचत खाते घ्यावे की साधे? एटीएममधून रोख काढणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

बँकेत नवे खाते उघडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न किमान शिलकीचा असतो. मूलभूत बचत खात्यात, ज्याला आपण सरसकट ‘झिरो बॅलन्स खाते’ म्हणतो, शिल्लक ठेवण्याचे बंधन नाही, एवढे कळले की अनेकांचा निर्णय होऊन जातो. या खात्यात पैसे काढण्याच्या वेळा मात्र मोजल्या जातात. मूलभूत आणि साधे यांपैकी कोणते खाते घ्यावे हे ठरवताना माझ्या मते आधी ही मोजणी पाहावी आणि किमान शिलकीचा विचार त्यानंतर करावा.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१२ मध्ये जुन्या ‘नो फ्रिल्स’ खात्यांच्या जागी मूलभूत बचत खाती आणली, आणि २०१४ पासून उघडली गेलेली जनधन खातीही याच प्रकारात मोडतात. सुरुवातीला महिन्यातून जास्तीत जास्त चार वेळा पैसे काढता येतील असा नियम होता. जून २०१९ च्या परिपत्रकाने त्याचा अर्थ उलटवून महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढण्याची सोय विनाशुल्क द्यावी असे ठरवले. बँकेची इच्छा असेल तर ती जास्त वेळा मुभा देऊ शकते. या चार वेळांत स्वतःच्या बँकेचे एटीएम, दुसऱ्या बँकेचे एटीएम आणि शाखेत स्लिप भरून काढलेली रोख हे सगळे एकत्र धरले जाते, ही गोष्ट खाते उघडताना काउंटरवर क्वचितच सांगितली जाते. भारतीय स्टेट बँकेने जुलै २०२१ पासून पाचव्या वेळेपासून प्रत्येक वेळी १५ रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे एकूण १७ रुपये ७० पैसे, असा दर ठेवला. पैसे भरण्यावर मात्र संख्येची किंवा रकमेची मर्यादा नाही.

साध्या बचत खात्याची मोजणी वेगळ्या रीतीने होते, कारण तेथे यंत्र कोणत्या बँकेचे आहे याला महत्त्व असते. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार विनाशुल्क असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत तीन, तर इतरत्र पाच व्यवहार विनाशुल्क मिळतात. त्यापुढे बँक प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त २३ रुपये (हा दर १ मे २०२५ पासूनचा) आणि जीएसटी आकारू शकते. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो, हेही विसरू नये. शाखेतून काढलेल्या रकमेचे नियम प्रत्येक बँक स्वतंत्रपणे ठरवते, त्यामुळे एटीएमच्या मोफत संख्येला तिचा धक्का लागत नाही.

एखादा कामगार मुंबईत राहतो आणि हाताशी जास्त रोख ठेवायला नको म्हणून महिन्यातून आठ वेळा पाचपाचशे रुपये काढतो, असे समजू. त्याने पाच वेळा आपल्या बँकेचे आणि तीन वेळा दुसऱ्या बँकेचे यंत्र वापरले, तर साध्या खात्यावर त्याला काहीही भरावे लागत नाही. वर दिलेल्या दराच्या मूलभूत खात्यावर मात्र चार जादा वेळांचे ७० रुपये ८० पैसे जातात. चार हजार रुपये काढण्यासाठी सत्तर रुपये ही रक्कम लहान नाही. याउलट, ज्या बाईंच्या खात्यात महिन्याला लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जमा होतात आणि त्या एकदाच जाऊन ते काढतात, त्यांच्यासाठी चारची मर्यादा असून नसल्यासारखी आहे, आणि साधे खाते घेऊन त्यांना मिळण्यासारखे विशेष काही नाही.

कामगाराच्या उदाहरणात आणखी एक बाजू आहे. त्याने दुकानात यूपीआयने पैसे दिले, तर रोख काढण्याच्या वेळा आपोआप कमी होतात. पण बरीच वर्षे हा उपायही निर्धोक नव्हता. स्टेट बँकेने या खात्यांवरील चारच्या पुढच्या डिजिटल व्यवहारांवरही प्रत्येकी १७.७० रुपये आकारले आणि २०१५ ते २०२० या काळात सुमारे १२ कोटी खात्यांमधून ३०० कोटींहून अधिक रुपये गोळा केले, असे आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आशिष दास यांच्या अभ्यासातून पुढे आले. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना १ जानेवारी २०२० नंतर ठरावीक डिजिटल व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करण्यास सांगितले. आता रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत यूपीआय, आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस आणि दुकानातील कार्डाचे व्यवहार या चार वेळांत धरायचे नाहीत, असे स्पष्ट केले आहे. याच नियमांनुसार वर्षाला किमान २५ पानांचे चेकबुक, इंटरनेट व मोबाइल बँकिंग आणि वार्षिक शुल्काविना एटीएम कार्ड मूलभूत खात्यावर मिळायचे आहे. त्यामुळे यूपीआय सहज वापरणाऱ्या माणसाने या खात्याकडे दुय्यम म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही.

किमान शिलकीचा मुद्दा पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरील ही अट काढली, आणि २०२५ मध्ये पंजाब नॅशनल बँक, कॅनरा बँक, बँक ऑफ बडोदा अशा सरकारी बँकांनीही तोच मार्ग धरला. अशा बँकेत वारंवार रोख काढणाऱ्याने साधे खाते घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. फक्त कार्डाचे वार्षिक शुल्क किती, हे आधी विचारून घ्यावे. खासगी बँकेत हजारो रुपयांची सरासरी शिलकीची अट असेल, तर हिशेब पुन्हा मूलभूत खात्याकडे झुकतो, कारण शिल्लक कमी पडल्याचा एका महिन्याचा दंड एटीएमच्या पाचसहा जादा शुल्कांवर भारी पडू शकतो.

पैसे न देताच यंत्राने व्यवहार नाकारला, मग कारण यंत्रातील बिघाड असो, रोख संपलेली असो वा चुकीचा पिन, तर ती वेळ मोफत व्यवहारांत मोजली जात नाही. खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा व्हावी लागते. उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

जनधन खातेदारांनी कार्ड कपाटात ठेवून देऊ नये. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांच्या रुपे कार्डावर २ लाख रुपयांचा अपघात विमा आहे, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाचा एखादा यशस्वी व्यवहार झालेला असावा लागतो.

पुरेशी कागदपत्रे नसताना उघडले जाणारे ‘लहान खाते’ मात्र या तुलनेत धरू नये. त्यावर महिन्याला एकूण १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता किंवा पाठवता येत नाहीत, शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एक लाखाहून अधिक जमा होऊ शकत नाहीत. केवायसी पूर्ण करून त्यातून बाहेर पडणे हाच मार्ग आहे.

एकाच बँकेत मूलभूत आणि साधे अशी दोन्ही बचत खाती ठेवता येत नाहीत. मूलभूत खाते उघडल्यापासून ३० दिवसांत जुने साधे खाते बंद करावे लागते. त्या जुन्या खात्यावर गॅसचे अनुदान, विम्याचा हप्ता किंवा पेन्शन जोडलेली असेल, तर ती नव्या खात्यावर वळवल्यानंतरच बंद करण्याचा अर्ज द्यावा.